रुग्णाची नमाज आणि डॉक्टरांचा सल्ला

हैदराबादेत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपणा मराठी डॉक्टरांच्या कानावर मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा रोज पडतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि आपल्यापैकी कित्येकांची घराणी त्या काळापासून येथे नांदत आहेत. मुस्लिम रुग्ण आपणा सर्वांकडेच येतात. औषधे, पथ्य, पुढील भेटीची तारीख हे सर्व सांगून झाल्यावर त्यांच्यापैकी अनेक जण दाराशी क्षणभर थांबतात आणि विचारतात, ‘डॉक्टरसाब, नमाज कैसे पढूं?’

या प्रश्नाला आपल्याकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. घाईत असलेला डॉक्टर ‘सध्या बंद ठेवा’ असे सांगून मोकळा होतो. भिडस्त डॉक्टर ‘तुम्हाला जमेल तसे करा’ असे म्हणून विषय टाळतो. पहिल्या उत्तरावर रुग्ण वाद घालीत नाही. तो मान डोलावतो, घरी जातो आणि नव्याने बसवलेल्या खुब्याच्या सांध्यावर जमिनीवर सजदा करतो. दुसरे उत्तर ऐकणाऱ्याला ‘जमणे’ म्हणजे वेदना सोसणे असे वाटते आणि परिणाम तोच होतो. कोणती हालचाल वर्ज्य आहे, किती दिवस वर्ज्य आहे आणि कोणती हालचाल निर्धास्तपणे करावी, एवढे तीन मुद्दे सांगितले की डॉक्टराचे काम पूर्ण होते. त्यापुढची व्यवस्था इस्लामी धर्मशास्त्राने शतकांपूर्वीच करून ठेवलेली आहे. तिची आपल्याला तोंडओळख असावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नमाज : शरीराच्या दृष्टीने

दिवसातून पाच वेळा नमाज असते : फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा. त्यांत अनुक्रमे २, ४, ४, ३ आणि ४ अशा एकूण १७ रकाती फर्ज, म्हणजे अनिवार्य असतात. प्रत्येक रकातीत सरळ उभे राहणे (कियाम), गुडघ्यांवर हात ठेवून कमरेतून वाकणे (रुकू), पुन्हा सरळ होणे आणि दोन वेळा सजदा करणे हा क्रम असतो. सजद्यात कपाळ व नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतात. दोन सजद्यांच्या मध्ये क्षणभर बसतात. ठरावीक रकातींनंतर थोडा अधिक वेळ बसणे (कायदा) असते आणि शेवटी मान उजवीकडे व डावीकडे वळवून सलाम करतात.

हिशेब केला तर केवळ फर्ज नमाजेत दिवसाला १७ वेळा रुकू आणि ३४ वेळा सजदा होतो. सुन्नत नमाजा धरल्या तर ही संख्या बरीच वाढते आणि रमजानमधील तरावीहमध्ये तर हनफी प्रथेनुसार आणखी २० रकाती असतात. गुडघा जवळजवळ पूर्ण मिटणे, खुबा काटकोनाच्या पुढे वाकणे, मनगट व पायांच्या बोटांवर भार येणे, डोके हृदयाच्या पातळीखाली जाणे आणि जमिनीवरून पुन्हा उभे राहणे, या पाच गोष्टी येथे वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाच्या आहेत. बहुतेक आजारांत यांपैकी एक किंवा दोनच अडतात. उरलेल्या चालू राहू शकतात.

धर्मशास्त्राने दिलेली सवलत

इम्रान बिन हुसैन नावाचे प्रेषित मुहंमद यांचे एक सहकारी मूळव्याधीने त्रस्त होते. त्यांनी नमाजेविषयी विचारणा केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्यास सांगितले. ही हदीस बुखारी यांच्या संग्रहात आहे. रुग्णाच्या नमाजेचे सर्व नियम या तीन पायऱ्यांभोवती उभे आहेत. ईश्वर कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकीत नाही, हे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील २८६व्या आयतीचे तत्त्व त्यांच्या मुळाशी आहे.

डॉक्टराने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही की, येथे प्रत्येक अंगाचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. फार वेळ उभे राहता येत नसेल तर भिंतीचा किंवा काठीचा आधार घेता येतो अथवा उरलेला भाग बसून पुरा करता येतो. बसण्याची रीतही सोयीनुसार बदलता येते : मांडी घालून, पाय लांब करून, कसेही. वाकता येत नसेल तर रुकू व सजदा ‘इशाऱ्याने’, म्हणजे डोके व धड थोडे पुढे झुकवून होतात. मात्र सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक खाली असावा लागतो. उशी हातात धरून कपाळापर्यंत उचलणे सुन्नी परंपरेत योग्य मानीत नाहीत. शिया रुग्ण मात्र सजदागाह, म्हणजे मातीची छोटी वडी, उंचावर ठेवून तिला कपाळ टेकवतात.

बसताही येत नसेल तर आडवे पडून नमाज होते. हैदराबादेहून किब्ला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेला आहे. म्हणून कुशीवर पढणाऱ्याचे डोके उत्तरेकडे ठेवून त्याला उजव्या कुशीवर वळवावे, म्हणजे तोंड किब्ल्याकडे येते. आपल्याकडे उत्तरेला डोके करून निजवणे अशुभ समजतात. त्यामुळे वॉर्डातील परिचारिका खाट तशी फिरवण्यास कचरतात. त्यांना कारण समजावून सांगावे. हनफी पंथात पाठीवर निजून, पाय किब्ल्याकडे आणि डोक्याखाली उशी देऊन नमाज पढणे अधिक पसंत करतात, कारण डोके उचलले की चेहरा किब्ल्याकडे होतो. एरवी किब्ल्याकडे पाय करणे बेअदबी मानली जात असल्याने नातेवाईक गोंधळतात. शक्य असेल तर गुडघे दुमडून ठेवले की तोही प्रश्न सुटतो.

पंथांमध्ये काही फरक आहेत. हैदराबादेतील बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. बारकसमधील अरब वंशाची कुटुंबे शाफई आहेत, तसेच कोकणातील मुस्लिमही शाफई आहेत. मान हलवण्याइतकीही शक्ती उरली नसेल तर हनफी मतानुसार त्या वेळची नमाज पुढे ढकलली जाते, तर शाफई मतानुसार डोळ्यांच्या इशाऱ्याने किंवा मनातल्या मनात ती पुरी करावी. सजदा जमत नाही पण उभे राहता येते, अशा माणसाने उभे राहावे की बसून पढावी आणि खुर्चीचा उपयोग केव्हा करावा, यावरही विद्वानांत मतभेद आहेत. अशा प्रश्नांत आपण पडू नये. ‘हे तुमच्या आलिमसाहेबांना विचारा, वैद्यकीय बाजू मी लिहून देतो’ असे सांगावे.

या लिहून देण्याला शास्त्रातच आधार आहे. एखादी कृती केल्याने आजार वाढेल किंवा बरे होण्यास विलंब लागेल, हे कसे ठरवायचे? रुग्णाच्या स्वानुभवावरून, उघड लक्षणांवरून किंवा कुशल वैद्याच्या सांगण्यावरून. जुन्या हनफी ग्रंथांत हा वैद्य मुस्लिम असावा अशी अट आढळते, परंतु आजचे अनेक आलिम विश्वासू तज्ज्ञाचे मत त्याच्या धर्माचा विचार न करता ग्राह्य धरतात. म्हणजे रुग्ण आपल्याला विचारतो ते केवळ सौजन्य म्हणून नव्हे. आपल्या शब्दावर त्याची सवलत अवलंबून असते. म्हणून तो शब्द नेमका असला पाहिजे. नको तेथे मनाई केली तर त्याला प्रिय असलेली गोष्ट आपण विनाकारण हिरावून घेतो आणि हवी तेथे मनाई केली नाही तर त्याच्या शरीराचे नुकसान होते.

वजू आणि तयम्मुम

नमाजेपूर्वी चेहरा, कोपरापर्यंत हात व घोट्यापर्यंत पाय धुणे आणि डोक्यावरून ओला हात फिरवणे, म्हणजे वजू. पाणी अपायकारक असेल तर कुराणाच्या पाचव्या अध्यायातील सहाव्या आयतीनुसार तयम्मुम करता येतो : स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवणे. प्लास्टर किंवा बँडेज असेल तर बाकीचा अवयव धुऊन त्यावरून केवळ ओला हात फिरवणे (मसह) पुरते. प्लास्टर भिजवून येणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘मसह काफी है’ एवढे तीन शब्द प्लास्टर घालतानाच सांगितले तर ते टळते.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या, पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाच्या खाटेजवळ माती ठेवणे धोक्याचे आहे, कारण मातीत बुरशीचे बीजाणू असतात. हनफी मतानुसार तयम्मुमसाठी धूळच हवी असे नाही. धुऊन वाळवलेला गुळगुळीत दगडही चालतो. असा एक दगड स्वच्छ पिशवीत ठेवण्यास सांगावे. ज्याला लघवी किंवा जखमेचा स्राव अखंड चालू आहे, अशा रुग्णाला ‘माजूर’ मानतात. हनफी मतानुसार त्याला प्रत्येक नमाजेच्या वेळेसाठी एक वजू पुरतो. मूत्रनलिका बसवलेल्या वृद्धांना ही सवलत माहीत नसेल तर ते पाणी पिणेच कमी करतात आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ओढवून घेतात.

आजारांनुसार सल्ला

गुडघे : संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यांना सजदा व कायदा हे दोन्ही जड जातात. कृत्रिम गुडघा बसवल्यावर तो साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, परंतु टाचांवर बसण्यास याहून बरेच अधिक वाकणे लागते. म्हणून खुर्ची घ्यावी. ती पक्की, चाके नसलेली आणि पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा उंचीची असावी. उभे राहणे शक्य असेल त्याने, आलिमांच्या सल्ल्याने, कियाम चालू ठेवावा. मांडीच्या स्नायूंना तो उपकारकच आहे.

खुबा : मागील बाजूने शस्त्रक्रिया करून खुबा बदलला असेल तर सांधा निखळण्याचा धोका असतो आणि सर्वसाधारणपणे ६ ते १२ आठवडे खुबा ९० अंशांपलीकडे वाकवू नये असे सांगतात. येथे सजदा तर वर्ज्य आहेच, पण पूर्ण रुकूही टाळावा, ही गोष्ट सांगायची राहून जाते. खुर्चीची बैठक गुडघ्यांहून थोडी उंच असावी आणि इशारा मानेनेच करावा.

हृदय : छातीचे हाड उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ८ ते १२ आठवडे हातांवर भार देऊन उठू नये. सजद्यातून उठताना नेमके तेच होते. हृदय दुबळे असलेल्यांना पुढे वाकताच दम लागतो, त्यांनी बसून इशारा करावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना आणि जुन्या मधुमेहींना सजद्यातून एकदम उभे राहताना अंधारी येते. त्यांनी दुसऱ्या सजद्यानंतर क्षणभर बसून, मग आधाराने उठावे.

डोळे : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोके खाली नेण्याची मनाई किती दिवसांची, ते शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. नेत्रतज्ज्ञाने दिवसांचा आकडा स्पष्ट सांगावा. वजूचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर पाठीवर निजणेच वर्ज्य असते, त्यामुळे निजून पढण्याची रीत येथे चालत नाही. बसून, मान खाली ठेवून नमाज पुरी करावी.

गर्भारपण : शेवटच्या महिन्यांत फार वेळ पाठीवर निजल्यास गर्भाशयाचा दाब मोठ्या शिरेवर पडतो. अंथरुणात राहणे भाग असेल तर कुशीवरच पढावी.

मधुमेही पाय : कायद्यात डाव्या पायावर बसल्याने घोट्याबाहेर व पायाच्या वरच्या भागावर घट्टे पडतात. कपाळावर व गुडघ्यांवरही पडतात. हे घट्टे ओळखता आले म्हणजे अनावश्यक तपासण्या टळतात. पण पायाची संवेदना गेलेल्या मधुमेह्यात त्या घट्ट्याखाली जखम होऊ शकते. जाड, मऊ जानमाज वापरावी, घट्टे रोज पाहावेत आणि वजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

मुलांच्या संदर्भात

बालरोगतज्ज्ञाचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मुलाला सात वर्षांपासून नमाज शिकवावी आणि दहाव्या वर्षापासून तिचा आग्रह धरावा, अशी हदीस आहे. प्रत्यक्ष बंधन मात्र वयात आल्यावर लागू होते. आजारी लहान मुलाची नमाज राहिली तर त्याला दोष लागत नाही, हे आजीला माहीत असते. आईचे मन मात्र धास्तावलेले असते. तिला ही आठवण करून द्यावी. ज्याची समज कधीच त्या पातळीला पोहोचणार नाही, अशा मुलावर तर बंधनच नाही.

नमाज ही आपल्याला निदानाची एक सोपी चाचणी म्हणूनही उपयोगी पडते. सात वर्षांचा मुलगा वडिलांशेजारी उभा राहून शिकू लागतो, तेव्हा तो दिवसातून अनेकदा जमिनीवरून उठतो. सजद्यातून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवून चढत असेल, तर ते विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेले चिन्ह आहे आणि ड्यूशेन स्नायुदौर्बल्याचा संशय घेऊन रक्तातील सीपीके तपासले पाहिजे. घरचे त्याला आळस समजतात. एखाद्या मुलीला फजरच्या वेळी गुडघे दुमडता येत नाहीत, पण जोहरपर्यंत ती सहज बसते, असे आई सांगत असेल तर सकाळचा हा ताठरपणा बालसंधिवाताकडे बोट दाखवतो. याउलट, वाढत्या वयातील साधी पायदुखी संध्याकाळी व रात्री जाणवते. ‘नमाज में कहां अटकता?’ हा एक प्रश्न इतिहास घेताना विचारून पाहावा. पाच वेळांचे वेळापत्रक असल्याने उत्तरही नेमके मिळते.

बालसंधिवातात सूज असेल तेव्हा सजदा टाळावा, पण आजार आटोक्यात आल्यावर तो पुन्हा सुरू करण्यास उत्तेजन द्यावे. पूर्ण वाकणे हा सांध्याचा व्यायामच आहे. कायमची मनाई केली तर सांधे आखडतात. हिमोफिलियाच्या मुलाला गुडघ्यात रक्तस्राव झाला असेल तर तो पूर्ण ओसरेपर्यंत इशाराच योग्य. खुब्यापासून पायापर्यंत प्लास्टर असलेले मूल निजूनच पढेल.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. पाय ताठ असणारी मुले दोन्ही पाय बाहेर टाकून, मधोमध बसतात. नमाजेत त्यांना टाचांवर बसवण्याचा प्रयत्न केला की ती हमखास तशीच बसतात आणि खुबे आत वळण्याची सवय बळावते. त्यांना मांडी घालून अथवा पाठीला आधार देऊन बसवावे. बसण्याची रीत बदलण्यास मुभा आहे, हे पालकांना सांगितले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. चाकांच्या खुर्चीतील मुलाची खुर्ची, ब्रेक लावून, घरातील रांगेत सर्वांच्या बरोबरीने ठेवावी. त्याने हलवलेली मान हाच त्याचा सजदा आहे. भावंडांच्या रांगेत जागा मिळणे हे त्याच्या वाढीसाठी कोणत्याही व्यायामाइतकेच मोलाचे आहे.

पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असणाऱ्या मुलांना दर तीन-चार तासांनी नळीने लघवी काढावी लागते. मधल्या काळात ती कोरडी राहत असतील तर नळीची वेळ वजूच्या आधी ठेवावी, म्हणजे शुद्धतेची चिंता उरत नाही आणि उपचाराची वेळही चुकत नाही. मात्र फजर व जोहर यांच्यातील अंतर बरेच मोठे असते, म्हणून मध्ये एक जास्तीची वेळ अवश्य लिहून द्यावी. शाळेतील मुलाला ती विशेष आठवणीने सांगावी.

चिठ्ठीवर काय लिहावे

आपल्या नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठीवर तळाशी चार ओळी पुरतात :

१. कोणती हालचाल वर्ज्य : रुकू, जमिनीवरील सजदा, टाचांवर बसणे, हातांवर भार, यांपैकी नेमकी कोणती.
२. किती दिवस : ‘बरे वाटेपर्यंत’ असे न लिहिता तारीख लिहावी.
३. काय चालेल : उभे राहणे, खुर्ची, निजून, इशारा.
४. पाणी : वजू चालेल की तयम्मुम किंवा मसह करावा.

बोलताना रुग्णाच्या भाषेत बोलावे. ‘अम्मा, ईद तक जमीन पे सजदा नक्को, कुर्सी पे बैठ के इशारे से करो, मैं लिख के दे रा हूं’ हे वाक्य आजीबाईंना जितके पटते तितके अर्ध्या तासाचे व्याख्यान पटत नाही. वॉर्डातील खाटांजवळ पश्चिम दिशेची छोटी खूण लावणे आणि सलाईन शक्यतो कमी वापरातल्या हाताला लावणे, या बिनखर्चाच्या गोष्टी आहेत.

आपल्या घरातील वृद्धांना गुडघ्यांमुळे देवापुढे दंडवत घालता येत नाही, तेव्हा ते खुर्चीत बसून हात जोडतात आणि आपण त्यांना त्यात काही उणे मानू देत नाही. मुस्लिम रुग्णाला त्याच्या धर्माने हीच मुभा नियमांसहित दिलेली आहे. ती वापरण्यासाठी त्याला आपल्याकडून नेमका वैद्यकीय शब्द हवा असतो. दाराशी थांबून विचारलेल्या त्या प्रश्नासाठी रुग्णाला पुन्हा खुर्चीवर बसवावे आणि आणखी दोन मिनिटे द्यावीत, एवढीच सर्व सहकाऱ्यांना विनंती.